निर्णयाला दहा महिने, पोचायला दोन: युक्रेनच्या लेपर्ड रणगाड्यांचं प्रकरण

24 मार्च 2022 ला, म्हणजे रशियाच्या हल्ल्याला बरोबर एक महिना झाला त्या दिवशी, युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की व्हिडिओवरून नाटोच्या बैठकीत बोलले, आणि म्हणाले की तुमच्याकडे वीस हजार तरी रणगाडे आहेत, आम्हाला त्यातले एक टक्का द्या, फुकट नसतील द्यायचे तर विकत द्या. 25 जानेवारी 2023 ला जर्मनीने आपले 14 'लेपर्ड 2' रणगाडे देतो म्हणून जाहीर केलं. 27 मार्च 2023 ला ते युक्रेनमध्ये पोचले, आणि 14 च्या जागी 18 पोचले. म्हणजे मागणी ते निर्णय दहा महिने, आणि निर्णय ते पोच दोन महिने, त्या दोन महिन्यांत युक्रेनी क्रूचं जर्मनीत ट्रेनिंगसुद्धा उरकलं.

मित्रदेशांनी मदत किती लवकर पाठवावी हा विषय निघाला की लोक लगेच विमानं, रेल्वे, गोदामं, ट्रकची रांग यावर बोलायला लागतात. हे प्रकरण मी मुद्दाम उचललं कारण इथे ती सगळी वाहतूक बऱ्यापैकी फास्ट होती, वेळ खाल्ला तो चर्चेच्या टेबलाने. आणि टेबलावर गेलेला सगळाच वेळ भित्रेपणात गेला असंही नाही, काही अडचणी खऱ्या होत्या, त्या वेगळ्या काढून बघितल्याशिवाय नुसतं 'उशीर केला उशीर केला' ओरडण्यात काही अर्थ नाही.

आधी जे पटकन झालं ते बघू, कारण पटकन होऊ शकतं हे त्यातूनच कळतं. जानेवारी 2022 मध्ये, हल्ला व्हायच्या आधीच, ब्रिटनने सुमारे 2000 एनलॉ पाठवले, खांद्यावरून मारायचं रणगाडाविरोधी हत्यार, एक माणूस थोड्या दिवसांत शिकतो. ती विमानं डेन्मार्कवरून वळसा घालून गेली, जर्मनीच्या हवाई हद्दीतून गेलीच नाहीत, परमिशनच मागितली नाही कारण मागून प्रश्न वाढवायचे नव्हते. त्याच आठवड्यांत जर्मनीने काय दिलं तर 5000 हेल्मेट. कीवचे महापौर क्लिच्को, जुने बॉक्सर ते, चिडून म्हणाले की पुढच्या वेळी उशा पाठवणार का. एस्टोनियाकडे जुन्या पूर्व जर्मनीच्या काही तोफा होत्या, त्या युक्रेनला द्यायला जर्मनीची संमती लागत होती, ती मिळत नव्हती. मग 24 फेब्रुवारीला हल्ला झाला आणि 26 ला त्याच जर्मनीने 1000 रणगाडाविरोधी हत्यारं आणि 500 स्टिंगर विमानविरोधी क्षेपणास्त्रं जाहीर केली, आणि एस्टोनियाची अडलेली परमिशनही सुटली. दोन दिवस लागले फक्त. महिनोन्‌महिने जे अशक्य होतं ते दोन दिवसांत झालं, तर ते आधी अशक्य नव्हतंच.

पोलंडचं झेशुफ विमानतळ तेव्हापासून या सगळ्या मालाचं नाकं झालं, युक्रेनच्या सीमेपासून गाडीने तासा-दीड तासावर. आपल्याला हे नाव आठवत असेल तर ऑपरेशन गंगामुळे, मार्च 2022 मध्ये भारतीय विद्यार्थ्यांना आणायला वायुदलाची सी-17 विमानं तिथेही उतरली होती, त्यात महाराष्ट्रातली एमबीबीएसवाली बरीच पोरं होती. आपली विमानं पोरं घेऊन परत निघत होती आणि त्याच धावपट्टीवर दुसऱ्यांची विमानं क्षेपणास्त्रं घेऊन उतरत होती.

एप्रिल 2022 मध्ये पोलंडने दोनशेहून जास्त टी-72 रणगाडे दिले. चेक प्रजासत्ताकानेही दिले. त्यावर ना टीव्हीवर महिनाभर चर्चा ना कुणाची शिखर परिषद. कारण सोपं होतं, टी-72 सोव्हिएत बनावटीचा, युक्रेनच्या सैनिकाला तो झोपेत चालवता येतो, दुरुस्तीचे पार्ट त्यांच्याकडे आहेत, आणि 'पाश्चात्य रणगाडा रशियावर चालून गेला' हे चित्र त्यात नाही. म्हणजे रणगाडा देणं हा प्रॉब्लेम नव्हता, कुठल्या देशाचा शिक्का असलेला रणगाडा हा प्रॉब्लेम होता. हे लक्षात ठेवा, कारण पुढचे दहा महिने याच्यावरच गेले.

दहा महिने कुठे गेले

लेपर्ड 2 युरोपात डझनभर देशांकडे आहे, पण ज्याने जर्मनीकडून घेतलाय त्याला तिसऱ्याला द्यायचा तर बर्लिनची लेखी परमिशन लागते. शस्त्रांच्या जवळपास सगळ्या करारांत अशी अट असते. त्यामुळे पोलंड म्हणणार आम्ही द्यायला तयार, फिनलंड म्हणणार आम्हीपण, आणि जर्मनी म्हणणार अजून कुणी रीतसर अर्जच केलेला नाही. अर्ज का नाही केला तर नकार आला तर सगळ्यांसमोर वाद होईल म्हणून. सरकारी ऑफिसात फाइल फिरलेली ज्याने बघितली त्याला हे काही नवीन नाही.

तेव्हाचे जर्मन चॅन्सेलर शोल्झ यांचं म्हणणं होतं की एकट्याने पुढे जाणार नाही, अमेरिका सोबत पाहिजे. अमेरिकेचं म्हणणं होतं की आमच्या अब्राम्स रणगाड्याला टर्बाइन इंजिन आहे, इंधन खूप पितो, मेंटेनन्सचं लफडं मोठं, युक्रेनला झेपणार नाही, लेपर्डच योग्य. दोघांचंही म्हणणं वेगवेगळं घेतलं तर बरोबर होतं! एकत्र केलं तर कुणीच काही देत नव्हतं.

मधल्या काळात दोन गोष्टी झाल्या त्या मला जास्त बोलक्या वाटतात. एक, ऱ्हाइनमेटल या जर्मन शस्त्र कंपनीने एप्रिल 2022 मध्येच सांगितलं होतं की आमच्याकडे जुने 50 लेपर्ड 1 पडून आहेत, दुरुस्त करून देतो. निर्यातीची परमिशन मिळाली फेब्रुवारी 2023 मध्ये. आता जुना रणगाडा उघडायचा, रबर-वायरिंग-इंजिन बघायचं, गन तपासायची, याला महिने लागतातच, आणि हे काम असं आहे की सुरू करायला राजकीय निर्णयाची गरज नाही, दुरुस्त करून गोदामात ठेवला तरी काय बिघडतं, उलट नंतर कुणालाही विकता येतो. पण पैसे कोण देणार हे ठरलं नाही म्हणून ते दहा महिने वाया गेले.

दोन, स्पेन. स्पेनकडे लेपर्ड 2 ए4 साठवून ठेवलेले होते, 2022 च्या उन्हाळ्यात बातमी आली की देण्याचा विचार चालू आहे, आणि ऑगस्टमध्ये त्यांच्या संरक्षणमंत्री रोब्लेस यांनी सांगितलं की ते रणगाडे इतक्या वाईट अवस्थेत आहेत की दिले तर चालवणाऱ्यालाच धोका. संपला विषय. आणि मग एप्रिल 2023 मध्ये त्याच साठ्यातले सहा दुरुस्त होऊन युक्रेनकडे निघाले. म्हणजे दुरुस्त होत होते! ऑगस्टमध्ये कामाला लागले असते तर डिसेंबरात तयार असते, एवढं साधं गणित आहे. कागदावर आकडा असतो 'अमुक रणगाडे साठ्यात', प्रत्यक्ष गोदामात जाऊन बघितलं की त्यातले किती स्टार्ट होतात हे कळतं, आणि युरोपने ते बघायला लढाई सुरू व्हायची वाट बघितली, नंतर महिनोन्‌महिने अजून वाट बघितली.

डिसेंबर 2022 मध्ये युक्रेनचे सरसेनापती झालुझ्नी यांनी मुलाखतीत उघड आकडा सांगितला, 300 रणगाडे, 600 ते 700 चिलखती लढाऊ गाड्या, 500 तोफा, एवढं मिळालं तर शत्रूला 23 फेब्रुवारीच्या रेषेपर्यंत मागे ढकलू शकतो. मग जानेवारी एकदम धावपळीचा. 11 तारखेला पोलंडचे अध्यक्ष दुदा ल्विव्हमध्ये जाऊन सांगून आले की आम्ही एक कंपनी, म्हणजे लष्कराची एक तुकडी, भरून लेपर्ड देणार. 14 ला ब्रिटनने आपले 14 चॅलेंजर 2 रणगाडे जाहीर केले, आकडा छोटाच पण 'पाश्चात्य रणगाडा नको' हा नियम त्यांनी मोडून दाखवला. 16 ला जर्मनीच्या संरक्षणमंत्री लांब्रेश्ट यांचा राजीनामा, 19 ला पिस्टोरियस यांचा शपथविधी, आणि 20 ला जर्मनीतल्या रामस्टाइनच्या अमेरिकन तळावर पन्नासेक देश जमले, तिथे नवीन मंत्री कामाच्या दुसऱ्याच दिवशी जगभरच्या कॅमेऱ्यांसमोर उभे राहून सांगतायत की अजून निर्णय नाही, साठ्यात नेमके किती आहेत ते मोजायला सांगितलंय. युद्ध सुरू होऊन अकरा महिने होत आलेले आणि मोजणीची ऑर्डर आत्ता! 24 ला पोलंडने रीतसर अर्ज टाकला, 25 ला जर्मनी हो म्हणाली आणि त्याच दिवशी अमेरिकेने 31 अब्राम्स जाहीर केले. त्यातली गंमत म्हणजे ते अब्राम्स आधी नवीन तयार करून द्यायचे होते, त्याला वर्षाच्या वर लागलं असतं, म्हणून मार्चमध्ये प्लॅन बदलून जुन्या प्रकारचे अब्राम्स, एम1ए1, दुरुस्त करून द्यायचं ठरलं, ते पोचले सप्टेंबर 2023 मध्ये. ज्या अब्राम्ससाठी लेपर्ड अडून बसले होते ते अब्राम्स लढाईचा मोसम संपत आल्यावर आले.

तोपर्यंत समोरच्याने काय केलं

हा भाग पश्चिमेच्या चर्चेत नेहमी मागे राहतो. 2022 च्या सप्टेंबरमध्ये रशियाची अवस्था खरोखर वाईट होती, खार्किव भागात युक्रेनने काही दिवसांत त्यांची आघाडी फोडली, सैनिक कमी, खंदक अर्धवट. 21 सप्टेंबरला पुतिन यांनी तीन लाखांची भरती काढली. ऑक्टोबरमध्ये जनरल सुरोविकिन यांच्याकडे सूत्रं गेली, नोव्हेंबरमध्ये खेरसन सोडून सैन्य नदीपलीकडे काढून घेतलं, आणि मग जेसीबी चालू. दक्षिण युक्रेनमधल्या झापोरीझियाच्या सपाट शेतांत एकामागे एक संरक्षणरेषा, रणगाडाविरोधी खंदक, काँक्रीटचे दात, आणि सगळ्यांच्या पुढे भूसुरुंग, काही ठिकाणी शेकडो मीटर रुंद पट्टा. ज्या हिवाळ्यात बर्लिन आणि वॉशिंग्टन 'आधी तू, आधी तू' करत होते त्याच हिवाळ्यात हे सगळं खणून झालं. मदतीचा उशीर म्हणजे फक्त आपण हळू, असं नसतं, समोरचा त्या वेळेत काम करत असतो.

मग जून 2023. चार तारखेच्या आसपास प्रतिहल्ला सुरू झाला आणि 8 जूनला झापोरीझियातल्या ओरिखिवच्या दक्षिणेला, माला तोकमाच्का गावाजवळ, तो फोटोवाला प्रकार घडला. सुरुंगांतून काढलेल्या अरुंद वाटेवर गाड्यांची रांग, पुढची उडाली की मागच्या बाजूला काढायला जातात, बाजूला परत सुरुंग, आणि अमेरिकन ब्रॅडली चिलखती गाड्या एकमेकींना चिकटून अडकलेल्या, त्यांच्यात लेपर्ड 2, आणि फिनलंडने दिलेले सुरुंग काढायचे खास लेपर्डसुद्धा. फिनलंडने असे एकूण सहाच दिले होते, संपूर्ण आघाडीसाठी सहा, त्यातले काही त्या पहिल्याच दिवसांत गेले. तीनशे रणगाड्यांची चर्चा सगळ्यांनी केली, सुरुंग काढायच्या गाड्या किती लागतील यावर कुणी हॅशटॅग चालवला नाही.

वरून रशियाची केए-52 हेलिकॉप्टरं. ती लांबून, युक्रेनच्या विमानविरोधी हत्यारांच्या टप्प्याबाहेरून क्षेपणास्त्रं सोडायची आणि अडकलेल्या गाड्या एकेक टिपायची. ही हेलिकॉप्टरं बेर्द्यान्स्कसारख्या तळांवरून उडत होती, तो तळ आघाडीपासून शंभरेक किलोमीटरवर, म्हणजे युक्रेनकडे असलेल्या हिमार्सच्या, म्हणजे ट्रकवरच्या अमेरिकन रॉकेट लाँचरच्या, साध्या रॉकेटच्या पलीकडे. त्यासाठी लागत होतं एटॅकम्स, तेच लाँचर, लांब पल्ल्याचं क्षेपणास्त्र. अमेरिका वर्षभर नाही म्हणत होती. 17 ऑक्टोबर 2023 ला युक्रेनने पहिल्यांदा ते वापरलं, बेर्द्यान्स्क आणि लुहान्स्कच्या तळांवर, आणि उभी हेलिकॉप्टरं जळाली, एका रात्रीत. जूनला ज्याची गरज होती ते ऑक्टोबरला आलं आणि पहिल्याच फटक्यात काम केलं, पण तोपर्यंत प्रतिहल्ला जवळजवळ थांबला होता. ऑगस्टच्या शेवटी रोबोतिने गाव घेतलं होतं, ओरिखिवपासून दहा-पंधरा किलोमीटर, जिथे पोचायचं होतं तो समुद्र अजून ऐंशी किलोमीटरच्या पुढे. मला विचाराल तर उशिराचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण लेपर्ड नाही, हे आहे, कारण इथे ट्रेनिंग, पार्ट, पूल, रेल्वे यातलं काहीच कारण नव्हतं, लाँचर तिथे आधीपासून होतं, क्रू तयार होता, फक्त 'हो' बाकी होतं.

आता लेपर्ड वेळेवर आले असते तर युद्ध जिंकलं असतं का? मला नाही वाटत, आणि जे छातीठोकपणे हो म्हणतात त्यांनी युक्रेनच्या स्वतःच्या चुका पण बघाव्यात. बाखमुत शहराच्या लढाईत चांगले, अनुभवी सैनिक मेपर्यंत खर्ची पडले, प्रतिहल्ला एका दिशेला न करता तीन दिशांना वाटला गेला, आणि नव्या ब्रिगेडना रणगाडे दिले ज्यांना मोठ्या हल्ल्याचा अनुभवच नव्हता. विमानांची साथ तर शून्य. पण सप्टेंबर ते नोव्हेंबर 2022 या काळात, जेव्हा समोर खंदक अर्धवट होते, तेव्हा शंभर लेपर्ड आणि चालवणारे तयार क्रू असते तर झापोरीझियाची कथा वेगळी झाली असती एवढं म्हणायला हरकत नाही. फक्त त्यासाठी ट्रेनिंग मे-जूनमध्ये सुरू व्हायला हवं होतं, आणि मेमध्ये बायडेन सांगत होते की रशियात पोचतील अशी रॉकेटं आम्ही पाठवणार नाही.

भीती खोटी होती का

इथे मी थोडा वेगळा आहे. बरेच लोक म्हणतात अणुबॉम्बची धमकी म्हणजे निव्वळ बागुलबुवा. 27 फेब्रुवारी 2022 ला पुतिन यांनी अण्वस्त्र दलाला विशेष सज्जतेवर ठेवलं, ऑक्टोबरमध्ये रशियाचे तेव्हाचे संरक्षणमंत्री शोइगू एकापाठोपाठ पाश्चात्य मंत्र्यांना फोन करून युक्रेन 'डर्टी बॉम्ब', म्हणजे किरणोत्सर्ग पसरवणारा बॉम्ब, वापरणार म्हणत होते, त्याच महिन्यात बायडेन आर्मागेडनचं, म्हणजे जगाच्या अंताचं, बोलले. ज्याच्या हातात निर्णय होता त्याने हे हलक्यात घ्यायला नको होतं, आपण आज मोबाइलवर बसून बोलतो कारण काही झालं नाही हे आपल्याला माहितीय. एकेक पायरी चढत गेल्यामुळे रशियाला कुठेही एकदम उडी मारायला निमित्त मिळालं नाही, हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही.

पण त्याची किंमत पण मोजा. हिमार्स जून 2022 मध्ये आले, जुलैत रशियाचे दारूगोळ्याचे डेपो धडाधड उडाले, आणि मग रशियाने डेपो मागे नेले, छोटे केले, नंतर जीपीएस जॅम करायला शिकले. हत्यारं थोडी थोडी दिली की समोरच्याला लस टोचल्यासारखं होतं, प्रत्येक डोसनंतर तो जास्त तयार. रशियाच्या आत एटॅकम्स मारायची परवानगी नोव्हेंबर 2024 मध्ये मिळाली, 19 तारखेला ब्रियान्स्कमध्ये पहिला वापर झाला, पण त्याच्या कितीतरी आधी रशियाने बरीच विमानं लांबच्या तळांवर हलवून टाकली होती. आणि मे 2024 मध्ये खार्किवच्या उत्तरेला हल्ला झाला तेव्हा सैन्य सीमेपलीकडे जमताना युक्रेनला दिसत होतं पण अमेरिकन हत्याराने तिथे मारायला बंदी, ती बंदी त्या भागापुरती सैल झाली हल्ल्यानंतर जवळपास तीन आठवड्यांनी. तेव्हा भीती खरी मानली तरी प्रश्न राहतो, तुम्ही शेवटी देणारच आहात तर घाबरायचा काळ आणि तयारीचा काळ एकामागे एक का ठेवायचा, एकाच वेळी का नाही?

माझ्या दृष्टीने या केसचं मर्म इथे आहे. निर्णय आणि तयारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि युरोप-अमेरिकेने दुसरी पहिलीच्या शेपटीला बांधली. क्रूला ट्रेनिंग देणं म्हणजे रणगाडा देणं नव्हे. पेट्रियट या अमेरिकन क्षेपणास्त्रविरोधी सिस्टिमचं बघा, 21 डिसेंबर 2022 ला जाहीर, मग ओक्लाहोमातल्या फोर्ट सिलवर 65 च्या आसपास युक्रेनी सैनिक, दहा आठवडे, एप्रिलमध्ये सिस्टिम युक्रेनमध्ये, आणि 4 मेला कीववर किंझाल क्षेपणास्त्र पाडलं, जे पाडताच येत नाही अशी रशियाची जाहिरात होती. हेच 65 लोक 2022 च्या उन्हाळ्यात गुपचूप ट्रेन करून ठेवले असते आणि द्यायचं नाही असं ठरलं असतं तर नुकसान किती, 65 लोकांचा जेवण-राहण्याचा खर्च. एफ-16 चं तर जास्तच, मे 2023 मध्ये ट्रेनिंगला होकार, ऑगस्टमध्ये डेन्मार्क-नेदरलँड्सने विमानं जाहीर केली आणि युक्रेनच्या आकाशात ती ऑगस्ट 2024 ला दिसली. पायलटला इंग्रजीपासून सुरुवात करावी लागते, तिथे शॉर्टकट नाही, म्हणून तर घड्याळ लवकर चालू करायचं असतं.

दारूगोळ्याचं पण तेच. गेपार्ड ही जर्मनीची जुनी विमानविरोधी गाडी, जुलै 2022 ला पोचली, ड्रोन पाडायला एकदम भारी निघाली, पण तिची 35 मिलिमीटरची गोळी बनायची स्वित्झर्लंडमध्ये आणि स्विस कायदा तेव्हा म्हणत होता की युद्ध करणाऱ्या देशाला आमचा माल जाणार नाही, म्हणजे जर्मनीने आधीच विकत घेऊन स्वतःच्या गोदामात ठेवलेल्या गोळ्या सुद्धा नाही. शेवटी ऱ्हाइनमेटलने स्वतःची नवीन लाइन टाकली, पहिला माल 2023 च्या सप्टेंबरला. आणि मार्च 2023 मध्ये युरोपियन युनियनने वर्षात दहा लाख तोफगोळे द्यायचं ठरवलं, वर्ष संपताना निम्म्याच्या आसपास पोचले. पैसा मंजूर करून कारखाना वाढत नाही, त्याला आगाऊ ऑर्डर लागते, कंपनीवाला लेखी पाच-दहा वर्षांचं काँट्रॅक्ट बघितल्याशिवाय मशीन टाकत नाही, आणि 2022 चं जवळजवळ सगळं वर्ष अशी काँट्रॅक्टं झालीच नाहीत.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर 1962. नेहरूंनी ऑक्टोबरच्या शेवटी अमेरिकेकडे मदत मागितली आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात अमेरिकन विमानं कलकत्त्याला शस्त्रं उतरवत होती, तेही क्यूबाचं संकट नुकतंच निवळत असताना. निर्णयाला दिवस लागले, महिने नाहीत. पण आलं काय तर मुख्यतः हलकी हत्यारं, आणि 21 नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धबंदी केली सुद्धा. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असं आपण यशवंतरावांबद्दल म्हणतो, ते संरक्षणमंत्री होईपर्यंत लढाई संपली होती आणि खरं काम, पहाडी डिव्हिजन उभ्या करणं, त्यानंतर वर्षानुवर्षं चाललं. विमान एका रात्रीत येतं, डिव्हिजन येत नाही.

पैशांच्या उशिराबद्दल थोडं, कारण तो सरळ आहे आणि त्यात भीतीचं कारणही नाही. बायडेन यांनी ऑक्टोबर 2023 मध्ये पुरवणी निधी मागितला, तो अमेरिकेच्या सीमेच्या भांडणात अडकला, सेनेटने फेब्रुवारीत पास केला, प्रतिनिधी सभागृहाने 20 एप्रिल 2024 ला 311 विरुद्ध 112 ने. एवढ्या मोठ्या बहुमताने पास होणारं बिल सहा महिने मतदानालाच येत नव्हतं! दरम्यान 17 फेब्रुवारीला अवदीइव्का शहर युक्रेनच्या हातून गेलं. एप्रिलमध्ये युरोपातले तेव्हाचे अमेरिकन सेनाप्रमुख जनरल कॅव्होली यांनी त्याच सभागृहाच्या समितीसमोर सांगितलं की तोफगोळ्यांचं प्रमाण रशियाच्या बाजूने पाचाला एक आहे आणि काही आठवड्यांत दहाला एक होईल. 11 एप्रिलला कीव भागाचं त्रिपिल्स्का वीजकेंद्र पूर्ण उद्ध्वस्त झालं, झेलेन्स्कींनी नंतर हिशोब सांगितला की अकरा क्षेपणास्त्रं आली, पहिली सात पाडली, बाकी चारांनी केंद्र संपवलं कारण पाडायला शिल्लकच काही नव्हतं. 24 एप्रिलला सही झाली आणि त्याच दिवशी एक अब्ज डॉलरचं पॅकेज निघालं, माल काही दिवसांत पोचायला लागला कारण बराचसा आधीच युरोपात आणून ठेवलेला होता. म्हणजे वाहतूक परत एकदा फास्टच. मार्च 2025 मध्ये ट्रम्प यांनी व्हाइट हाउसमध्ये झेलेन्स्कींशी झालेल्या भांडणानंतर मदत आठवडाभर बंद करून परत चालू केली, तेव्हा तर नळ बंद-चालू केल्यासारखंच झालं आणि युरोपला कळलं की एकाच नळावर बसून चालणार नाही.

यातून सगळ्यात हुशारीने डेन्मार्क वागला असं मला वाटतं. फेब्रुवारी 2024 मध्ये त्यांच्या पंतप्रधान फ्रेडरिक्सन यांनी म्युनिकच्या सुरक्षा परिषदेत सांगितलं की आम्ही आमचा सगळा तोफखाना देऊन टाकतोय, आणि त्यानंतर त्यांनी वेगळाच मार्ग काढला, युरोपच्या गोदामात शोधत बसण्यापेक्षा पैसा थेट युक्रेनच्या कारखान्याला द्यायचा. बोहदाना ही युक्रेनची स्वतःची 155 मिलिमीटरची तोफ, कारखान्याची क्षमता होती पण सरकारकडे ऑर्डरचे पैसे नव्हते, डेन्मार्कने 18 तोफांचे पैसे दिले आणि त्या काही महिन्यांत आघाडीवर होत्या. परवानगीचा प्रश्न नाही, ट्रेनिंगचा नाही, पार्टचा नाही, रेल्वेचं गेज बदलायला सीमेवर माल उतरवा-चढवा नाही. हा मार्ग 2022 लाच सुचायला हवा होता, पण तेव्हा युक्रेनचा कारखाना टिकेल की नाही याचीच खात्री कुणाला नव्हती, त्यामुळे तेव्हा न सुचल्याबद्दल मी फार दोष देणार नाही.

पण सगळं काही पैशाने किंवा धाडसाने सुटत नाही हे पेट्रियटच्या क्षेपणास्त्रांवरून दिसतं. 2024 मध्ये लॉकहीड या अमेरिकन कंपनीने पेट्रियटची पीएसी-3 एमएसई क्षेपणास्त्रं वर्षभरात 500 च्या आसपास बनवली, संपूर्ण जगासाठी, आणि रशिया एका रात्रीत डझनभर बॅलिस्टिक क्षेपणास्त्रं सोडू शकतो. 2025 च्या उन्हाळ्यात जर्मनी युक्रेनला आणखी पेट्रियट द्यायला तयार होती पण अट होती की अमेरिकेने आम्हाला बदली सिस्टिम लवकर द्यावी, म्हणजे परत रांग, फक्त या वेळी रांग खरी, कारखान्याच्या दारातली. त्या रांगेत पुढे-मागे करताना अमेरिकेने जुलैमध्ये एका देशाला कळवलं की तुम्ही 2022 मध्ये मागवलेल्या पाच पेट्रियट सिस्टिमना उशीर होईल, युक्रेनला प्राधान्य द्यायचंय. तो देश होता स्वित्झर्लंड, गेपार्डच्या गोळ्यांना नाही म्हणणारा.